मनीऑर्डर चुकली की बोट धरायची

1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका भरल्या जेमतेम सव्वापाचशे. त्याच मोजणीत रत्नागिरी जिल्ह्यात उलटा प्रकार होता, तिथे बायका पुरुषांहून जास्त. शहरातल्या शंभरातले चौऱ्याऐंशी लोक बाहेर जन्मलेले होते आणि एकूण वस्तीचा पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. या आकड्यांवरून एक चित्र तयार झाले आणि ते आजवर टिकून आहे: नवरा मुंबईत गिरणीत, बायको गावी शेतावर, आणि दोघांना जोडणारी महिन्याची मनीऑर्डर. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने हे चित्र संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या काळात घराघरांत नेले. चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. गावी राहिलेली बायको कायम गावीच राहिली असती, तर मुंबईचा गिरणी धंदा ज्या मजुरीवर चालला त्या मजुरीवर चालू शकला नसता, असे माझे म्हणणे आहे. नवऱ्याची मुंबईची फेरी फसली, तो आजारी पडला, काम गेले, कर्ज डोक्यावर बसले, की गावाकडून एक बाई न कळवता बोटीत बसायची आणि चाळीच्या दारात येऊन उभी राहायची. ती बिऱ्हाड थाटायला आलेली नसे. पडलेला माणूस उभा करायचा आणि परत जायचे, एवढेच तिचे काम. हे काही एकेका घरातले योगायोग नव्हते. ती गिरणगावाची रीत होती. गिरणीमालकांनी आणि सरकारने तिच्यावर भरवसा ठेवूनच आपले हिशेब मांडले होते.

मुळात चाकरमान्याचे मुंबईला जाणे हे स्थलांतर कमी आणि कामाची लांबलेली फेरी जास्त होती. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला सूत निघू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सगळा पट्टा भोंग्यांवर जगू लागला. या गिरण्यांना माणसे मिळाली ती कोकणातून आणि घाटावरून, सातारा-पुण्याकडून. पण येणाऱ्याने गावचे घर मोडले नाही. जमीन गुंठ्यांत असली तरी तिच्यावर नाव होते, देवघर तिथे होते, गणपती आणि शिमगा तिथे होता. मुंबईत त्याच्या वाट्याला होती खोलीतली एक वळकटी पसरण्यापुरती जागा. दहा-बारा पुरुष मिळून एक खोली घेत, ज्याची पाळी असेल तो गिरणीत जाई आणि सुटलेला त्याच्या जागेवर अंग टाकी. जेवण खानावळीत. काम मिळे मुकादमाच्या मर्जीने, आणि ती मर्जी राखायला हात सैल सोडावा लागे. पगार महिन्याने आणि तोही पुढचा महिना निम्मा उलटल्यावर. म्हणजे नव्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना निघून जाई आणि तेवढ्या काळात वाणी, खानावळ आणि मुकादम या तिघांकडे त्याचे खाते उघडलेले असे. पगार वेळेवर द्यायचे बंधन घालणारा कायदा 1936 साली आला, म्हणजे गिरण्या सुरू होऊन ऐंशी वर्षे झाल्यावर. फेरीची सुरुवातच अशी उसनवारीने होत असेल, तर ती फसायला फार मोठे कारण लागत नाही.

कारणे तशी ठरलेली होती. पहिले कारण आजारपण. कापसाची धूळ, साचेखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून मुद्दाम राखलेली दमट हवा, दहा-बारा तासांचे उभे काम आणि खोलीत हवा नाही. ताप, खोकला आणि क्षय यांना याहून सोयीची जागा कोणती? माणूस दोन-चार दिवस आला नाही की मुकादम त्याच्या जागी बदली उभा करी. पगारी रजा नव्हती, आजाराचा भत्ता नव्हता. 1923 च्या कायद्याने यंत्रात हात सापडला तर भरपाई मिळू लागली, पण तापाने अंथरूण धरले तर काहीच नाही. म्हणजे आठ दिवसांचा ताप म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडाली एवढेच नव्हते, कदाचित जागाच गेली. दुसरे कारण कर्ज. 1921-22 साली सरकारच्या लेबर ऑफिसने मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभरातली सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात निघाली. व्याजाचा सर्रास दर होता रुपयामागे महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला पाऊणपट. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर काठी घेऊन उभा असलेला पठाण सावकार हे त्या काळच्या गिरणगावातले नेहमीचे दृश्य. तिसरे कारण संप. 1919 पासून पुढची पंधरा वर्षे गिरणगाव सतत धगधगत होते, आणि त्यातला 1928 चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखांच्या आसपास माणसे सहा महिने बिनपगारी. आणि चौथे कारण साथ. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. त्या वेळी माणसे इतकी कमी पडली की गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांसाठी एकमेकांवर बोली चढवत होते. मजुरी रोजच्या रोज हातावर पडल्याचा गिरणी कामगाराच्या इतिहासातला तो दुर्मिळ काळ, आणि त्यासाठी निम्मे शहर रिकामे व्हावे लागले.

आता या फसलेल्या फेरीची खबर गावी कशी पोचायची हे नीट पाहिले पाहिजे, कारण बायकोच्या अचानक येण्याचे मूळ तिथे आहे. टपाल खात्याची मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली आणि कोकणातल्या घरांचे कॅलेंडर तिच्यावर चालू लागले. पोस्टमन ठरलेल्या सुमारास आला नाही, तर तीच बातमी. पत्र हवेच होते असे नाही. पत्र लिहायला मुंबईत कोणी शिकलेला गाववाला गाठावा लागे, गावी ते वाचायला मास्तर किंवा पोस्टमनच. आजारी नवरा ‘मी खुशाल आहे’ असेच लिहिणार हे दोन्हीकडे माहीत. तार तर मेल्याचीच यायची, त्यामुळे तारेने विचारपूस करण्याचा प्रश्न नव्हता. अशा वेळी ‘मी येते’ असे कळवण्यात अर्थ काय? कार्ड ज्या बोटीने जाणार त्याच बोटीने तीही जाऊ शकत होती. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरे घेत बोट मुंबईला लागायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचे, हेलकावणाऱ्या पडावातून बोटीवर चढायचे आणि डेकवर जागा मिळेल तिथे गाठोडे टेकायचे. सोबतीला दीर किंवा गावातला कोणी मुंबईला निघालेला माणूस. गाठोड्यात तांदूळ, कुळीथ, कोकम, आणि अंगावर किंवा कमरेला जे काही सोने असेल ते. म्हणजे जिला आपण अचानक आलेली म्हणतो, ती गावाच्या बाजूने पाहिले तर मुळीच अचानक नव्हती. मनीऑर्डर चुकली, सासूशी बोलणे झाले, पोरे जावेकडे ठेवली, म्हैस शेजारी सांगितली आणि निघाली. धक्का बसायचा तो फक्त चाळीतल्या माणसाला.

ती आल्यावर चाळीत काय घडे याला एक शिस्त होती. खोलीतले बाकीचे पुरुष आपापली वळकटी घेऊन गॅलरीत, ओट्यावर किंवा सरळ फुटपाथवर झोपायला जात. दोन बिऱ्हाडे एका खोलीत असली तर मध्ये गोणपाटाचा पडदा लागे. ब्रिटिश पाहणीदारांनी या गर्दीवर पानेच्या पाने लिहिली आणि तिच्यात त्यांना दिसली ती मुख्यतः अनीती आणि अस्वच्छता. बाराजणांनी एका बाईसाठी खोली सोडणे हा एक अलिखित करार होता, आज याच्यासाठी तर उद्या माझ्यासाठी, हे त्यांच्या नजरेतून सुटले. खानावळीचे जेवण बंद होऊन पेज सुरू होई, तेवढा खर्च वाचे. दवाखान्याची वारी तिच्यासोबत होई. परळला केईएम रुग्णालय 1926 साली उभे राहिले, त्याच्या आधी गिरणगावातल्या गरिबाला मोठ्या दवाखान्यासाठी बरेच लांब जावे लागे. डाग गहाण पडत ते याच दिवसांत. पठाणाच्या रुपयामागे आण्यापेक्षा सोन्यावर मिळणारे कर्ज स्वस्त, आणि सोने बायकोचे. नवऱ्याच्या तुटलेल्या कमाईतली फट भरणारा हा पैसा कोणत्याही पगारपत्रकात नाही. तिचे श्रमही नाहीत.

तिची नोंद मुळीच झाली नाही असे मात्र नाही. झाली, पण ओळखू न येण्यासारखी. 1931 पर्यंतची जनगणना एका ठराविक रात्री, जो जिथे सापडेल तिथे त्याला मोजून होत असे, आणि ती रात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येई. भात कापून झालेले, समुद्र शांत, बोटी चालू. गावाकडून येण्याचे हेच दिवस. म्हणजे सव्वापाचशेच्या त्या आकड्यात महिनाभरासाठी आलेल्या बायकाही आहेत आणि कायमच्या राहणाऱ्याही, दोघी एकाच रकान्यात. याहून बोलका पुरावा बालमृत्यूच्या आकड्यांचा आहे. 1921 साली मुंबईत हजार जन्मांमागे 666 अर्भके दगावल्याची नोंद आहे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपुरता हा आकडा 828 वर जातो. हे आकडे अजून भाषणांतून ऐकवले जातात. गिरणगावातले हाल भयंकर होतेच, पण त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही माहीत होते की हा आकडा फुगलेला आहे. बाळंतपणाला बायका गावी जात, जन्म तिथे लागे. मग तान्हे मूल घेऊन बाई मुंबईला येई आणि मूल गेले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर पडे. भागाकारात वरचा आकडा मुंबईचा आणि खालचा अर्धवट. एका शहराची अधिकृत आकडेवारी वाकडी व्हावी इतकी बायकांची ही ये-जा मोठी होती. तिला तुरळक अपवाद म्हणून बाजूला कसे सारता येईल?

यावर पहिला आक्षेप असा येईल की पडलेला गिरणी कामगार गावी परत जाई, बायको मुंबईला येत नसे. त्यात तथ्य आहे. आजारात, संपात, म्हातारपणात हजारो लोक गावी गेले. 1928 च्या संपात आणि त्याआधीच्या संपांतही गिरणगाव काही प्रमाणात रिकामे झाले होते, आणि संप इतके दिवस टिकण्याचे ते एक कारणही होते. पण गावी जाणे हा अखेरचा उपाय होता. गाव धरले की बदलीवाला कायम होणार आणि परत आल्यावर मुकादमाच्या पाया पडून नव्याने सुरुवात. म्हणून ज्याचे दुखणे महिनाभराचे आहे, ज्याला अजून जागा टिकवायची आशा आहे, त्याच्यासाठी बायकोने येणे हाच स्वस्त मार्ग होता. याउलट पावसाळ्यात हा मार्ग बंद. जूनपासून बोटी थांबत आणि शेतात लावणी असे. तेव्हा ना तो जाऊ शके, ना ती येऊ शके. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि तिथून रेल्वे धरायची, हा रस्ता 1891 साली कोल्हापूरला रेल्वे आल्यावर खुला झाला, पण तो खर्चाचा आणि चिखलाचा. घाटावरच्या, साताऱ्याकडच्या घरांना रेल्वेमुळे ही अडचण कमी होती. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात आजारी पडण्याची चैन परवडणारी नव्हती, असेच म्हणावे लागेल.

या आक्षेपाच्या निमित्ताने व्हिटली आयोगाकडे वळले पाहिजे. हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती तपासण्यासाठी 1929 साली नेमलेल्या या शाही आयोगाने 1931 साली अहवाल दिला. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते जमेची बाजू आहे, त्याला वळण लावावे, असा त्याचा निष्कर्ष होता. वरवर पाहता हे सहानुभूतीचे बोल आहेत. जरा खोल गेले तर दिसते की आजारपण, बेकारी, बाळंतपण आणि म्हातारपण या चारही गोष्टींचा विमा गाव उतरवत आहे, मग दुसरा विमा उभारण्याची घाई कशाला, असा तो हिशेब पडतो. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात 1929 साली आलेला होता, पण तो गिरणीत काम करणाऱ्या बाईसाठी. गिरणीत काम करणाऱ्या पुरुषाला उभे करायला येणारी बाई कोणत्याच कायद्यात बसत नव्हती. आयोगाने ‘गाव’ म्हटले आहे. पण गाव काही बोटीत बसून येत नाही. येते ती एक बाई.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाकरमान्याला सावरणाऱ्या संस्था मुंबईतच होत्या. एका गावच्या लोकांच्या खोल्या होत्या, गावकीची मंडळे होती, भिशी होती. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी धोबीतलावच्या आसपास गावागावांचे कूड उभारले, तिथे बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसाला नाममात्र भाड्यात पेटी ठेवायला आणि झोपायला जागा मिळे. या सगळ्यांनी कितीतरी माणसे तगवली हे मान्य. पण या संस्था पुरुषांनी पुरुषांसाठी चालवलेल्या होत्या आणि त्यांच्या मर्यादा तिथेच होत्या. ज्याची स्वतःची पाळी सकाळी सातला आहे, तो सोबत्याची रात्र किती जागवणार? गाववाला दोन दिवस पेज आणून देईल, वर्गणी काढून बोटीचे भाडेही देईल. आठवडे काढायला वेगळे माणूस लागते. शिवाय या संस्थांपैकी जी सर्वांत भक्कम निघाली, ती खानावळ, आणि तिचे मूळ शोधत गेले तर आपण पुन्हा त्याच बाईपाशी येतो.

गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई स्वतःच्या घराबरोबर आणखी दहा-वीस पुरुषांचा स्वयंपाक रांधते आणि महिन्याच्या पगाराला पैसे घेते, ती खानावळ. यातल्या कितीतरी बायका मुंबईला आल्या होत्या त्या आजारी, बेकार किंवा व्यसनात बुडालेल्या नवऱ्यामागे. नवरा उभा राहिलाच नाही, किंवा गेला, आणि परतीची बोट धरण्याऐवजी त्यांनी चूल मोठी केली. एका माणसाला सावरण्यासाठी केलेली फेरी अशी एका धंद्यात बदलली. हा धंदा उधारीवर चालायचा. संप झाला की गिरणी पगार बंद करी, खानावळवाली जेवण बंद करत नसे. वाण्याकडचे तिचे खाते फुगत जाई, तिच्याकडचे पुरुषांचे खाते फुगत जाई आणि संप फिसकटला तर दोन्ही बुडीत. गिरणी कामगारांच्या संपांचा इतिहास लिहिताना आपण कामगार पुढारी कॉम्रेड डांगे यांची भाषणे, लाल बावटा युनियनची सभासद संख्या, वाटाघाटींच्या तारखा लिहितो. सहा महिने दीड लाख माणसे जेवली कशावर, हा प्रश्न त्या यादीत खाली राहतो. 1970 च्या दशकातल्या संपाने तो वर आणला. खानावळवाल्या कर्जाने पिचलेल्या पाहून कामगार चळवळीतल्याच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला काही नसलेल्या या बायकांकडून कर्जफेड व्यवस्थित झाली. शंभर वर्षे गिरणगावाला उधारीवर जेवू घालणारीला पत आहे हे बँकेला तेव्हा कळले.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे. या सगळ्यात कष्टाळू पत्नीचे गोडवे गायले जात आहेत, असे कोणी म्हणेल. धोका खरा आहे. येणारी प्रत्येक बाई प्रेमानेच आली असे नाही. पैसे बंद झाले, पोरे उपाशी, सासरचे टोमणे. तिला दुसरा इलाज नव्हता. काहींना दार उघडल्यावर आजारी नवऱ्याऐवजी दुसरा संसार सापडला. काहींना मार खाऊन परत जावे लागले. आणि अनेक बायका कोणाला सावरायला नव्हे, तर स्वतः कमवायला मुंबईला आल्या होत्या. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांत बायका पाचव्या हिश्श्याच्या आसपास होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, आणि त्यांच्यावर मुकादमाऐवजी नायकीण असे. यांत्रिकीकरण आले तशी कात्री आधी याच खात्यांवर चालली आणि पुढच्या काही दशकांत हे प्रमाण नगण्य झाले. हेही विसरता येत नाही की गाव हा विमा ज्याची जमीन आहे त्याच्यासाठी. साचेखात्यात सूत ओठाने ओढून घ्यावे लागते म्हणून जिथे दलितांना उभे राहू देत नसत, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपकाळात ज्यावर जाहीर बोट ठेवले, त्या गिरणीतल्या कमी पगाराच्या खात्यात काम करणाऱ्या भूमिहीन माणसाच्या घरून कोणते सोने आणि कोणते तांदूळ येणार होते? ही रीत सर्वांना सारखी लागू नव्हती. पण म्हणूनच ती गोडव्याची नव्हे, हिशेबाची बाब आहे. पगार एका माणसाच्या पोटापुरता द्यायचा, घर चालवण्याचा आणि मोडलेले दुरुस्त करण्याचा खर्च गावातल्या बाईवर टाकायचा, आणि जिच्याकडे तो उचलायला काही नाही तिच्या नवऱ्याला तसेच मरू द्यायचे. बाईचा त्याग म्हणून गौरव करणाऱ्यांनी हा खर्च कोणाचा वाचला ते आधी सांगावे.

सरकारने कुटुंबाचा विचार केला तेव्हाही तो विटा-सिमेंटमध्ये केला. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी उभ्या राहिल्या. 160 चौरस फुटांची खोली, एका कुटुंबाला एक. कितीतरी गाळे वर्षानुवर्षे रिकामे पडून राहिले, कारण भाडे परवडत नव्हते आणि काही चाळी कामापासून दूर होत्या. जे परवडत होते त्यांनीही मग तिथे गाववाले भरले, आणि कुटुंबासाठी बांधलेली खोली पुन्हा वळकट्यांची झाली. मजुरी एकट्याची ठेवून घर कुटुंबाचे बांधले तर दुसरे काय होणार? कामगार विम्याचा कायदा 1948 साली झाला आणि त्याची अंमलबजावणी मुंबईत 1954 साली सुरू झाली. आजारी कामगाराला रोख भत्ता आणि दवाखाना मिळू लागला, म्हणजे बायकोने एकटीने उचललेल्या ओझ्यातला एक हिस्सा तरी कागदावर आला. पुढे एसटी गावोगाव पोचली, समुद्र बंद असला तरी रस्ता खुला राहू लागला, आणि चाळीत बिऱ्हाडे स्थिरावली. मनीऑर्डर चुकली म्हणून धावत येण्याची गरज त्या पिढीत हळूहळू उरली नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा चित्र उलटे होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतल्या अनेकांच्या बायका आता चाळीतच होत्या, आणि संप लांबला तशा धुणीभांडी, पापड, खानावळ, शिवणकाम यांवर त्यांनीच घरे ओढली. पुष्कळ पुरुष गावी गेले, बायका मुंबईत राहिल्या. शंभर वर्षांपूर्वीची फेरी आता उलट्या दिशेने होत होती. त्या संपावर पुस्तके, नाटके, सिनेमे झाले. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सर्वांसमोर आहे. त्या जमिनींवर कामगारांना द्यायच्या घरांसाठी पात्रतेची अट ठरली ती अशी की कामगाराचे नाव 1 जानेवारी 1982 रोजी गिरणीच्या पटावर असले पाहिजे. बायकोला अर्ज करता येतो तो कामगार हयात नसेल तर, वारस म्हणून.